पाडव्याला त्रिनिदादमध्ये

१९७१ साली बाबा चौदा वर्षांचे होते. गिरगावातल्या चाळीत राहायचे. वेस्ट इंडीजमधला सामना आपल्याकडे रात्री चालायचा, त्यामुळे स्कोअर कळायचा तो सकाळीच, पेपरातून नाहीतर रेडिओच्या बातम्यांतून. चाळीच्या जिन्यापाशी एक फळा होता. जो आधी उठेल तो खडूने त्यावर आकडे लिहायचा. १० मार्चला पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली. वेस्ट इंडीजवरचा भारताचा तो पहिलाच कसोटी विजय. कप्तान अजित वाडेकर, शतक दिलीप सरदेसाईंचं, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. ‘क्वीन्स पार्क ओव्हल’ हे नाव आमच्या घरात तेव्हापासून आहे. पुढे मी नकाशात दाखवेपर्यंत ते मैदान त्रिनिदाद नावाच्या बेटावर आहे, हे मात्र आईला ठाऊक नव्हतं.

मला त्रिनिदादला जायचं होतं ते कासवांसाठी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना मी दोन वेळा पाहिली आहेत. जगातलं सगळ्यात मोठं कासव म्हणजे लेदरबॅक. ते अंडी घालायला ज्या थोड्या किनाऱ्यांवर मोठ्या संख्येने येतं, त्यांतले काही त्रिनिदादच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये आई-बाबा माझ्याकडे न्यू जर्सीला आले आणि मी तिकिटं काढून टाकली. ६ ते १४ एप्रिल, नऊ दिवस.

एप्रिलच का, ते आधी सांगते. तिथे जानेवारी ते मे कोरडा हंगाम असतो आणि जूनपासून पाऊस. कासवांचा हंगाम मार्च ते ऑगस्ट. मे-जूनमध्ये कासवं सगळ्यात जास्त येतात, पण तेव्हा किनाऱ्यावर माणसंही जास्त आणि पावसाचा भरवसा नाही. शिवाय कार्निव्हल फेब्रुवारीत होऊन गेलेला असल्याने राहण्याच्या जागा सहज मिळाल्या. आई-बाबांना भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा लागला नाही, पण अमेरिकेत परत शिरायचं तर इथला व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, तो नीट तपासून घ्या. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. भारताच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराच्या धोक्याचा प्रदेश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल, तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आई-बाबा पुढे दोन महिने माझ्याकडेच राहणार होते म्हणून आमचा प्रश्न सुटला.

पहिला दिवस, शनिवार

न्यूयॉर्कहून पाच तासांचं विमान. एप्रिलमध्ये दोन्हीकडे घड्याळ सारखंच, त्यामुळे प्रवासाचा शीण असा जाणवलाच नाही. पियार्को विमानतळाबाहेर पडलो आणि मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट हवा अंगावर आली. आईने लगेच स्वेटर काढून पिशवीत कोंबला. भाड्याची गाडी घेतली. रस्ते आपल्यासारखे डाव्या बाजूने चालायचे, स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेचं लायसन्स तिथे ९० दिवस चालतं.

पहिले पाच दिवस आम्ही शागुआनासजवळ एका घरात खोल्या घेऊन राहिलो. बेटाचा हा मध्यभाग म्हणजे उसाचा जुना मुलूख. साखर कारखाने बंद होऊन वर्षं झाली, पण उसासाठी आणलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं इथेच आहेत. देशातले सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे. पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी लागलं, ते कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं करारावर इथे आली, त्यांतली बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. सगळी गल्ली त्यांना ‘मौसी’ म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांना हिंदी येत नाही. बोलणं सगळं तिथल्या हेलकाव्याच्या इंग्रजीत, पण मध्येच एखादा असा शब्द यायचा की आई मान वर करायची. चूल्हा, लोटा, तवा, तरकारी. मौसींची नात धावत आली आणि आईकडे बोट दाखवून तिने विचारलं, “ही कुणाची आजी?” इंग्रजी वाक्यात तो एकच शब्द आपला. तिथे वडिलांची आई ती आजी आणि वडिलांचे वडील ते आजा. आईची आई मात्र नानी. भाषा गेली, नात्यांची नावं राहिली. आईने त्या पोरीला तिथल्या तिथे मांडीवर घेतलं.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी सहाला बाबा आणि मी रस्त्यावर ‘डबल्स’ खायला गेलो. हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ, तळलेले, तळहाताएवढे वडे, त्यांचं नाव ‘बारा’. त्यांवर रश्शातले छोले, चिंचेची चटणी, काकडी, आणि कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. विकणारा माणूस एका हाताने बारा उचलतो, दुसऱ्या हाताने छोले पसरतो, कागद पिळून गुंडाळी बांधतो आणि पुढच्याला विचारतो, “पेपर?” म्हणजे तिखट किती. आपण तिखट खातो म्हणून “भरपूर” सांगू नका. ती मिरची आपल्या मिरचीसारखी नुसती जिभेला लागत नाही, कानापर्यंत जाते. “स्लाइट” सांगावं, थोडंसं. डबल्स सकाळी लवकर खावेत, आठनंतर बऱ्याच गाड्यांवरचे छोले संपलेले असतात.

दुपारी मौसींनी जेवायला बसवलं. रविवारचं जेवण तिथे मोठं असतं. भात, चिकन आणि एका भांड्यात हिरवं, दाट काहीतरी. त्याचं नाव कॅलालू. आईने एक चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, हे अळूचं फतफतं आहे!” खरंच तसंच होतं. अळूची पानं, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध, सगळं शिजवून घोटलेलं. चिंच-गूळ नाही, दाणे नाहीत, मुळा नाही, तरी चव घरची. कॅलालूत बहुतेक वेळा खेकडा असतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. अळूला तिथे ‘डशीन’ म्हणतात. तीच पानं डाळीच्या पिठात घालून तळली की ‘साहिना’ होतं. ते आईने नंतर चार ठिकाणी खाल्लं आणि चारही ठिकाणी अळुवडीशी ताडून पाहिलं.

चार वाजता कॅरोनीच्या खाजणात होडीने गेलो. लांबट सपाट होड्या तिवरांच्या बोळांतून हळूहळू जातात. नावाड्याने वरच्या फांदीवर गुंडाळी करून बसलेला बोआ साप दाखवला. तासाभराने पाणी मोठं झालं, समोर तिवरांचं एक बेट आलं आणि होडी लांबच थांबली. मग आकाशातून एक लाल ठिपका आला. मग पाच, मग तीस. स्कार्लेट आयबिस हा तिथला राष्ट्रीय पक्षी. लहानपणी तो मळकट तपकिरी असतो. खेकडे आणि कोळंबीसारखं खाणं खाऊन खाऊन त्याच्या पिसांत तो लाल रंग उतरतो. बाबांनी बराच वेळ कॅमेऱ्याला हात लावला नाही. सूर्य गेला तेव्हा हिरव्या झाडांवर पळस फुलल्यासारखं दिसत होतं. दुर्बीण न्या, कारण होडीला त्या बेटाजवळ जाऊ देत नाहीत आणि तेच योग्य आहे. या पक्ष्याची पूर्वी शिकार व्हायची. २०१८ मध्ये त्याला कायद्याने विशेष संरक्षण मिळालं.

तिसरा दिवस, सोमवार

माराकस बे. डोंगरातून वळणावळणाने जाणारा सुंदर रस्ता आणि खाली अर्धवर्तुळाकार किनारा. वाटेत रस्त्याकडेला पोई नावाची झाडं पिवळी बहरलेली होती, एक पान नाही, नुसती फुलं. सगळे तिथे तळलेल्या पावात शार्क घालून खातात. शार्कची संख्या जगभर घटते आहे, म्हणून आम्ही किंगफिश मागितला. तो सुरमईच्याच कुळातला, आणि आईने तो कोणत्याही हॉटेलातल्या सुरमईइतका ताजा असल्याचा निर्वाळा दिला. बरोबर मॅंगो चाऊ, म्हणजे कैरीच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि ‘शॅडो बेनी’. ही शॅडो बेनी लांब पानांची असते, पण वास थेट कोथिंबिरीचा. परतताना आईने तिची जुडी विकत घेतली.

चौथा दिवस, मंगळवार, गुढी पाडवा

या दिवसासाठी न्यू जर्सीहून रेशमी खण, तांब्याचा गडू आणि साखरेची माळ बरोबर आणली होती. काठी तिथेच कुठेतरी मिळेल असं धरलं होतं. सकाळी मौसींना बांबू मागितला, तर त्यांनी कशासाठी हेसुद्धा विचारलं नाही. मागच्या अंगणातून हिरवा, सरळ, दहा-बारा फुटांचा बांबू तोडून आणवला.

कारण बांबू तिथे प्रत्येक हिंदू अंगणात असतो. पहिल्या दिवसापासून आम्ही ते बघत होतो. घरापुढे कोपऱ्यात चार-पाच बांबू रोवलेले, प्रत्येकाला तिकोनी रंगीत कापड. त्यांना ‘झंडी’ म्हणतात. घरात पूजा झाली की झंडी लागते. हनुमानाची लाल, बाकीच्या देवतांच्या निरनिराळ्या रंगांच्या. ऊन-पावसाने कापड विरतं, पण काढत नाहीत, नव्या पूजेला शेजारी नवी लागते. रस्त्याने जाताना कुठलं घर हिंदू आहे ते झंडीवरून कळतं.

आईने खण चुण्या घालून बांधला, कडुलिंबाचा डहाळा मौसींच्याच झाडाचा, वर गडू पालथा. बाबांनी गुढी झंड्यांच्या ओळीला लागून उभी केली. मौसी हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ही कुठल्या देवाची झंडी?” आईला इंग्रजी बेताचंच येतं. ती थोडं थांबून म्हणाली, “न्यू इयर. अवर झंडी.” तेवढ्याने दोघींचं भागलं. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ आणि ओवा वाटून आईने सगळ्यांच्या हातावर ठेवलं. नातीने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. मौसी म्हणाल्या की त्यांची आजी तापात कडुलिंब द्यायची, तिला ‘नीम’ म्हणायची, आणि वाटलेल्या पानांचा तो वास त्यांना चाळीस वर्षांनी आला. संध्याकाळी सूर्यास्ताआधी आम्ही गुढी उतरवली. तो बांबू मात्र मौसींनी ठेवून घेतला.

दुपारी जवळच कारापिचायमाला दत्तात्रेय योग केंद्रात गेलो. ८५ फुटी हनुमान लांबूनच दिसायला लागतो. मंदिर दाक्षिणात्य घडणीचं, पण आत दत्त. आई दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण करते, तिच्यासाठी दत्त म्हणजे नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर पाडव्याला दत्ताचं दर्शन होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती गाभाऱ्यासमोर बसली आणि बराच वेळ उठली नाही. आम्हीही घाई केली नाही.

तिथून दहा मिनिटांवर वॉटरलू. ही गोष्ट मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. शिवदास साधू नावाच्या ऊस कामगाराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. खटला झाला, देऊळ पाडलं गेलं आणि त्यांना चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवलं की जमिनीवर जागा नाही तर समुद्रात बांधू. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. सायकलला बादल्या अडकवून दगड, माती, सिमेंट न्यायचं आणि ओहोटीच्या वेळी भर टाकायची, असं त्यांनी सुमारे पंचवीस वर्षं एकट्याने केलं. लाटांनी ते पुन्हा पुन्हा खाल्लं. आजचं देऊळ १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, नव्याने उभारलेलं आहे. किनाऱ्यापासून एक अरुंद वाट आत जाते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना चिखल, त्यात बगळे, काठाला रोवलेल्या झंड्या, आणि थोड्या अंतरावर स्मशान. वाटेच्या टोकाला उभं राहून मी मागे पाहिलं आणि सायकलवरून बादली बादली करत एवढी भर घालायला किती फेऱ्या लागल्या असतील, याचा हिशोब मनात करू लागले. तो पुरा झाला नाही.

ओहोटी-भरतीची वेळ बघून जा. भरतीला ते देऊळ खरोखर पाण्यात उभं दिसतं.

पाचवा दिवस, बुधवार

ईद निघाली. देशभर सुट्टी. सकाळी सातलाच शेजारच्या मुस्लिम घरातून मौसींकडे काचेचा वाडगा आला. त्यात ‘सवाईन’, म्हणजे दुधात शिजवलेल्या शेवया, मनुका आणि वेलची. बाबा गिरगावात लहानाचे मोठे झाले. त्यांना भेंडीबाजारातून येणाऱ्या शिरखुर्म्याची आठवण झाली. मौसींनी रिकामा वाडगा परत पाठवला नाही, त्यात आईने केलेल्या श्रीखंडाचा उरलेला अर्धा भाग घालून पाठवला. तासाभराने शेजारची सून स्वतः आली, हे पिवळं गोड काय आहे आणि कसं करतात ते विचारायला.

त्या दिवशी फार फिरलो नाही. संध्याकाळी दक्षिणेला डेबेपर्यंत गेलो. तिथे रस्त्याकडेला ओळीने साहिना, फुलौरी, बैंगनी, कचोरीची दुकानं. फुलौरी म्हणजे आपली गोल भजीच, चटणीत बुडवून खायची.

सहावा दिवस, गुरुवार

सामान बांधून कासवांसाठी उत्तर-पूर्वेला ग्रॅंड रिव्हिएरला निघालो. पोर्ट ऑफ स्पेनहून तीन तास धरतात, आम्हाला सहा लागले. माटुराच्या पुढे रस्ता अटलांटिकच्या काठाने जातो. इथला समुद्र वेगळा आहे. माराकससारखा निळा नाही, करडा-हिरवा, दमदार, सतत वारा. बालांड्राच्या आसपास मागचं चाक बसलं. डिकीतलं जादा चाक काढलं तर त्यातही हवा नाही. ज्यांच्याकडून गाडी घेतली होती त्यांना फोन लावला, तर माणूस दुपारनंतर पाठवतो म्हणाले. मला फार राग आला, कारण आई-बाबा उन्हात उभे होते. गाडी घेताना जादा चाक दाबून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

रस्त्यापलीकडे एक शहाळीवाला होता. सहा फूट उंच, आफ्रिकी वंशाचा, पन्नाशीचा. त्याने काही न विचारता आई-बाबांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या झाडाखाली ठेवल्या, तीन शहाळी फोडली, आणि चाक आपल्या पिकअपमध्ये टाकून पुढच्या गावात हवा भरायला घेऊन गेला. दुकान आमच्यावर सोडून! तो परत येईपर्यंत बाबांनी दोन गिऱ्हाइकांना शहाळी विकली. पैसे घ्यायला तो तयार होईना. शेवटी शहाळ्यांचे तेवढे घेतले.

पुढे टोकोला गालेरा पॉइंटच्या दीपगृहापाशी थांबलो. बेटाच्या या टोकाला अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्र भेटतात. उजवीकडचं पाणी गढूळ आणि खवळलेलं, डावीकडचं निळसर, आणि मधे फेसाची एक वेडीवाकडी रेघ.

रात्री नऊला किनाऱ्यावर जायचं होतं. हंगामात रात्री त्या किनाऱ्यावर जायला परवाना लागतो आणि गावातल्या वाटाड्याबरोबरच जाता येतं. परवाना आमच्या राहण्याच्या जागेनेच काढून दिला. कपडे गडद घाला, पायात बंद सॅंडल घाला, पांढरा टॉर्च अजिबात नको. आणि पूर्ण देशभर लष्करी छापाचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तसली पॅंट घरीच ठेवा.

तृतीयेची कोर मावळली होती. मिट्ट काळोख, चांदण्या, लाटांचा आवाज. वाटाडी गावातलीच तरुण मुलगी होती, हातात लाल दिवा. आधी वाटलं की समोर वाळूत उलटी होडी पडली आहे. मग त्या होडीने श्वास घेतला. खोल, घोगरा, दमलेल्या माणसासारखा सुस्कारा.

अंडी घालायला लागेपर्यंत जवळ जायचं नसतं, नाहीतर ती परत समुद्रात निघून जाते. खड्डा झाल्यावर वाटाडीने आम्हाला मागच्या बाजूने, एकेक करून, गुडघ्यांवर बसवलं. लेदरबॅकला कठीण कवच नसतं, पाठीवर रबरासारखी काळी कातडी आणि लांबीभर सात कंगोरे. त्याआधी ती खणत असताना मागचा एकेक वल्ह्यासारखा पाय आळीपाळीने वाळूत जायचा, टोकाकडून ओंजळीसारखा वळायचा, ओली वाळू अलगद उचलून बाजूला ठेवायचा. त्या एवढ्या जड अंगाचं ते टोक इतक्या नाजूकपणे काम करत होतं की मी श्वास रोखून बघत राहिले. मग अंडी. पांढरी, गोल, लिंबापेक्षा मोठी, दोन-दोन तीन-तीन करून पडणारी. शेवटी काही लहान, बलक नसलेली. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत होतं. ते अश्रू नाहीत, अंगातलं जादा मीठ तिथून बाहेर पडतं, असं वाटाडीने सांगितलं. तिने फीत लावली तर पाठीची लांबी १५६ सेंटिमीटर भरली. डोक्यावर एक गुलाबी डाग असतो, तो प्रत्येकीचा वेगळा.

ही मादी जिथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते. मधली वर्षं ती पार कॅनडाच्या थंड समुद्रापर्यंत जेलीफिश खात हिंडते. हे मी आईला हळू आवाजात सांगितलं. चैत्रगौर त्या दिवशीच बसलेली. आई अंधारात म्हणाली, “माहेरी आलीय बाळंतपणाला.” आणि तिने तिथेच, गुडघ्यांवर, हात जोडले.

खड्डा बुजवून झाल्यावर तिने पुढच्या मोठ्या वल्ह्यांनी चहूकडे वाळू उडवली, म्हणजे अंडी नेमकी कुठे आहेत ते कुणाला कळू नये. आमच्या चेहऱ्यांवर, केसांत वाळू. मग वळून, दर चार पावलांना थांबत, पाण्यात गेली. त्या रात्री दोन तासांत आम्ही अकरा मोजल्या. एका पर्यटकाने मोबाइलचा फ्लॅश उडवला. खड्डा खणत असलेली एक मादी थांबली आणि अंडी न घालताच परत फिरली. हजारो मैल पोहून आलेली. कृपा करून फोन खिशातच ठेवा.

सातवा दिवस, शुक्रवार

पहाटे पाचला पुन्हा किनाऱ्यावर. उशिरा आलेली एक मादी उजाडता उजाडता परत निघाली होती, फोटो तेव्हा काढता येतात. काळी गिधाडं उघड्या पडलेल्या अंड्यांवर बसली होती. किनारा एक किलोमीटरही नाही, माद्या खूप, त्यामुळे एकीचा खड्डा दुसरी उकरते. या गावात पूर्वी कासवं मांसासाठी मारत. आता तीच घरं वाटाडे म्हणून उभी आहेत, आणि २०११ पासून शिकारीवर वर्षभर बंदी आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हेच केलं. मी वाटाडीला वेळासचे फोटो दाखवले. वाळूतून धावणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघून तिने विचारलं, “तुमच्याकडे घरटी कुंपणात ठेवता का?” मग आम्ही दोघी तासभर कोल्हे, कुत्रे आणि खेकडे यांच्याविषयी बोलत राहिलो.

गावामागच्या डोंगरात ‘पावी’ दिसला. टर्कीएवढा, निळ्या चेहऱ्याचा पक्षी, जगात फक्त त्रिनिदादमध्ये उरलेला. पहाटे सहाला जावं लागतं. परत येऊन कोको टी प्यायलो. इथल्या कोकोच्या वड्या दालचिनी, जायफळ घालून दुधात उकळतात. बाबांनी तीन कप घेतले.

आठवा दिवस, शनिवार

परतीचा रस्ता. शहाळीवाल्याकडे मुद्दाम थांबलो, त्याला आईने शॅडो बेनीची हिरवी चटणी दिली. मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनला. अंधार पडल्यावर शहरात पायी फिरू नका, ओळखीची टॅक्सी घ्या. हे आम्हाला मौसींपासून वाटाडीपर्यंत प्रत्येकाने बजावलं होतं आणि आम्ही ते पाळलं.

नववा दिवस, रविवार

विमान दुपारचं होतं. सकाळी नऊला क्वीन्स पार्क ओव्हल. फाटक बंद. आतल्या पहारेकऱ्याला बाबांनी स्वतः, पाठ केल्यासारख्या इंग्रजीत, सांगितलं की मी मुंबईहून आलोय आणि मला पाच मिनिटं मैदान बघायचं आहे. पोरगा पंचविशीचा, भारतीय वंशाचा. त्याने फाटक उघडलं.

मैदान रिकामं. उत्तरेला डोंगरांची रांग, त्यावर कोरड्या हंगामातला धुरकट उजेड. बाबा पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं ते गप्प बसतील, पण ते बोलायलाच लागले, माझ्याशी नाही, त्या पोराशी. आबिद अलींनी सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडीजच्या नोरिगाने एका डावात नऊ बळी घेतले. दुसऱ्या डावात दुराणींनी सोबर्सना शून्यावर बाद केलं. आणि मग शेवटची कसोटी, पुन्हा इथेच, १३ एप्रिलला सुरू झालेली, गावसकर १२४ आणि २२०. चार कसोट्यांत ७७४ धावा. कुठे उभं राहून कोण काय खेळलं, ते बाबा हाताने दाखवत होते. हे मैदान ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

पोरगा ऐकत राहिला. मग म्हणाला, “माझा आजा होता इथे तेव्हा,” आणि त्याने फोन लावला. दोन शब्द बोलून फोन बाबांच्या हातात दिला.

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बाबा उठून उभे राहिले, फोन कानाशी घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाले, “यस, यस, टूथेक! दोनशे वीस, विथ टूथेक!” मग बराच वेळ दोघंही हसत होते.